यंत्राची शुश्रूषा

यंत्र आणि नीती यांचा विचार करू लागले की आपल्या डोळ्यांसमोर मोठमोठे प्रश्न उभे राहतात. अणुबॉम्ब, गिरणीमुळे देशोधडीस लागलेला विणकर, आणि अलीकडे बुद्धीचेही काम करू लागलेला संगणक. या प्रश्नांचे मोठेपण कोणी नाकारणार नाही. परंतु मोठ्या प्रश्नांत एक सोयही असते. त्यांच्याविषयी मत देण्यापलीकडे तुम्हाआम्हाला सहसा काही करावे लागत नाही. मी येथे जो प्रश्न मांडणार आहे तो अगदी लहान, एका पत्र्याच्या परातीत मावेल एवढा आहे. आपल्या वापरातील यंत्राची देखभाल माणसाने स्वतः करावी काय, आणि करावी तर ती कोणासाठी? उदाहरण म्हणून मी अमेरिकेतील पिकअप ट्रक आणि त्याच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील तेल निवडले आहे. उदाहरण परदेशी आहे. पण ज्या गुंत्यात हा प्रश्न तेथे सापडतो तो नोकरीनिमित्त घरापासून दूर राहणाऱ्या आपणांस परका वाटणार नाही, अशी माझी समजूत आहे.

पिकअप म्हणजे पुढे माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेले वाहन. तेथील शेतकरी, सुतार, गवंडी यांचे ते रोजचे साधन. शिवाय कचेरीत बसणारा मनुष्यही आपली होडी किंवा चाकांवरचे फिरते घर मागे जोडून नेण्यासाठी ते बाळगतो. फोर्ड कंपनीची 'एफ' मालिका १९७७ सालापासून अनेक दशके त्या देशातील सर्वाधिक खपाचा ट्रक ठरली, यावरून या वाहनाचे तेथील जीवनातले स्थान ध्यानात येईल. गिअर आपोआप बदलणारी पेटी जनरल मोटर्सने 'हायड्रामॅटिक' या नावाने १९३९ साली पुढे आणली. १९४० च्या ओल्ड्समोबिल मोटारींत ती प्रथम बसली. दुसऱ्या महायुद्धात हलक्या रणगाड्यांत तिची परीक्षा झाली, आणि १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत फोर्ड व शेव्हरोले यांच्या पिकअप गाड्यांतही ती मिळू लागली.

हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत इंजिन आणि चाके यांचा संबंध चालकाच्या डाव्या पायाने तुटतो व जुळतो. ऑटोमॅटिक पेटीत हे काम तेल करते. इंजिनाने फिरवलेले पात्यांचे एक चक्र तेल वेगाने भिरकावते आणि त्या तेलाच्या झोताने समोरचे दुसरे चक्र फिरू लागते. या जोडणीस टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. त्यापुढे, मध्ये सूर्य व भोवती ग्रह अशा रचनेचे दंतचक्रांचे संच असतात. त्यांतील कोणते चक्र धरून ठेवायचे आणि कोणते मोकळे सोडायचे, हे क्लचच्या चकत्या आवळून किंवा सैल करून साधले जाते. त्या चकत्या आवळणारा दाबही तेलाचाच. तेच तेल वंगण, तेच उष्णता वाहून नेणारे, आणि तेच हुकूम पोचवणारे. थोडक्यात, इतर यंत्रांत तेल हे साहाय्यक असते. येथे ते यंत्राचाच एक भाग आहे. आणि सतत तापून ते झिजते. त्याचा मूळचा लाल रंग तपकिरी होत जातो. फार तापले तर त्याला करपट वास येतो.

मी स्वतः वाहन बाळगत नाही. परंतु नियमपुस्तिका वाचणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे, ओहायो राज्यात स्थायिक झालेल्या माझ्या एका आतेभावाने आपल्या पिकअपची पुस्तिका मला पाठवली तेव्हा मी ती कर्तव्यबुद्धीने वाचली, आणि वाचता वाचता गुंतलो. तो या पेटीचे तेल स्वतःच्या हाताने बदलतो. काम तसे गूढ नाही. गाडी सपाट जागी उभी करायची, चाकांना अटकाव लावायचा, आणि वर उचललेली गाडी भक्कम लोखंडी टेकूंवर ठेवायची; दोन-अडीच टनांच्या वाहनाखाली केवळ जॅकच्या भरवशावर कोणी शिरू नये, हा पहिला नियम. मग पेटीच्या तळाची उथळ परात बोल्ट काढून एका बाजूने हळूच सैल करायची, म्हणजे तेल खालच्या भांड्यात उतरते. आतील फिल्टर बदलायचा, परात पुसून नवे गास्केट घालून बसवायची, बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या क्रमाने आणि सांगितलेल्या जोरानेच आवळायचे. नंतर कंपनीने नेमून दिलेल्या जातीचेच तेल भरायचे. बहुतेक पिकअपमध्ये त्याची पातळी इंजिन चालू ठेवून, तेल ठरावीक तापमानाला आल्यावर पाहतात. पूर्वी त्यासाठी बॉनेटखाली एक पट्टी असे. अनेक नव्या गाड्यांतून ती नाहीशी झाली आहे, आणि आता पातळी पाहायलाही गाडीखाली जावे लागते.

या कामातील दोन बारकावे मला विशेष विचार करण्यासारखे वाटले. परातीच्या तळाशी एक लोहचुंबक असतो. त्यावर बारीक करड्या चिखलाचा थर जमलेला आढळतो. हा थर पाहून नवखा घाबरतो. पण तो नित्याच्या झिजेचा असतो. हाताला लागतील असे धातूचे तुकडे दिसले तर मात्र काही तरी मोडते आहे असे समजावे. दुसरे असे, की परात काढून निम्म्याहूनही कमी तेल बाहेर येते. बाकीचे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि थंड करण्याच्या नळ्यांत राहते. म्हणून काही लोक काही अंतर चालवून हीच क्रिया पुन्हा करतात. जुने सारे एका दिवसात निघून जात नाही. थोडे काढावे, थोडे नवे घालावे, पुन्हा काढावे, असाच तो क्रम आहे. आपल्याकडील व्रतवैकल्यांत जी समजूत गृहीत धरलेली असते, तीच येथे नटबोल्टांच्या भाषेत सांगितलेली आहे.

आता प्रश्नाकडे वळू. अनेक मोटार कंपन्यांनी गेल्या काही दशकांत असे सांगावयास सुरुवात केली, की पेटीतील तेल आयुष्यभरासाठी भरलेले आहे. ते बदलण्याचे कारण नाही. आयुष्यभर हा शब्द फार दिलासा देणारा आहे. परंतु आयुष्य कोणाचे? तेलाचे, पेटीचे, पहिल्या मालकाचे, की कंपनीने दिलेल्या हमीच्या मुदतीचे? जर्मनीतील झेडएफ ही कंपनी अशा पेट्या बनवते, आणि तिच्याच आठ गतींच्या पेटीची रचना २०१३ च्या रॅम १५०० पिकअपमध्ये आली. आपल्या ऑटोमॅटिक पेट्यांतील तेल ८० हजार ते १ लक्ष २० हजार किलोमीटरच्या दरम्यान किंवा उशिरात उशिरा ८ वर्षांनी बदलावे, अशी या कंपनीचीच शिफारस आहे. म्हणजे पेटी करणारा बदला म्हणतो आणि गाडी विकणारा पुष्कळदा गरज नाही म्हणतो. दोघेही खोटे बोलत आहेत असे नव्हे. दोघांच्या मनातले आयुष्य निरनिराळ्या लांबीचे आहे, एवढेच.

पुस्तिकांमध्ये आणखी एक पळवाट असते. तिच्यात साधा वापर आणि कठोर वापर असे दोन वर्ग करून दुसऱ्यासाठी देखभालीची मुदत कमी सांगितलेली असते. मग कठोर वापर म्हणजे काय, हे पाहावे तो ओझे ओढणे, उष्ण हवा, धूळ, थांबत थांबत चालणारी शहरी वाहतूक, अशी यादी निघते. पिकअप बाळगणाऱ्यांपैकी किती जण या यादीबाहेर राहतील? नियम लिहिणाऱ्याने सत्य सांगितले आहे. फक्त ते वाचणाऱ्याने स्वतःचा वर्ग प्रामाणिकपणे ओळखावा, एवढे त्याच्यावर सोपवले आहे. आपल्या कचेऱ्यांतही असे नियम असतात, आणि स्वतःला सोयीच्या वर्गात घालून घेण्याची माणसाची हातोटीही तीच असते.

लोकांत याविषयी एक समजूतही रूढ आहे. ज्या पेटीचे तेल कधीच बदलले नाही तिला उशिरा हात लावू नये. लावला की ती बंद पडते. यात तथ्यांश असा, की फार झिजलेल्या पेटीत जुन्या तेलातील झिजेचे कण चकत्यांना थोडी पकड देत असावेत, असे काही जाणकार मानतात. परंतु दुसरे कारण अधिक सरळ आहे. पुष्कळ लोक गाडी धक्के देऊ लागल्यावरच तेल आठवतात. तोवर नुकसान झालेले असते, आणि दोष मात्र त्या शेवटच्या, उशिरा आलेल्या काळजीच्या माथी बसतो. कुटुंबात, संस्थेत, मैत्रीत हा अनुभव कोणाला नाही? वर्षानुवर्षे न बोलले गेलेले कोणी तरी एकदा बोलतो, आणि सारे मोडले ते त्याच्या बोलण्याने असे ठरते.

कायद्याने या बाबतीत मालकाचा एक हक्क मान्य केला आहे. अमेरिकेत १९७५ साली झालेल्या मॅग्नसन–मॉस कायद्यानुसार, मालकाने देखभाल स्वतः केली किंवा बाहेरच्या कारागिराकडून करून घेतली एवढ्याच कारणावरून कंपनीला हमी नाकारता येत नाही. दुरुस्तीसाठी लागणारी माहिती कंपन्यांनी मालकांना आणि स्वतंत्र कारागिरांनाही द्यावी, यासाठी मॅसॅच्युसेट्स राज्यातील मतदारांनी २०१२ साली मोठ्या बहुमताने कौल दिला. मालकाला आपली पेटी उघडता येईल, हे अशा रीतीने ठरले. पण उघडता येते म्हणून उघडलीच पाहिजे असे होत नाही. हक्क कायदा देतो. कर्तव्याचा निर्णय ज्याचा त्यालाच करावा लागतो.

स्वतः करण्याविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात ते किरकोळ नाहीत. अॅडम स्मिथने १७७६ साली टाचणीच्या कारखान्याचे उदाहरण देऊन दाखवले, की कामाची वाटणी केल्याने उत्पादन अनेक पटींनी वाढते. मग रोज दहा पेट्या उघडणाऱ्या कारागिराचे काम, वर्षा-दोन वर्षांनी एकदा गाडीखाली शिरणाऱ्या हौशी माणसाने का करावे? त्यात त्या कारागिराच्या पोटावर पायही येतो. शिवाय, अमेरिकेत मजुरी महाग म्हणून लोक हाताने करतात. ती स्वस्त असती तर हे तत्त्वज्ञान कोणाला सुचले असते, असेही कोणी विचारील. या आक्षेपांत पुष्कळ खरे आहे. ज्याला वय, प्रकृती किंवा सवड साथ देत नाही त्याने जाणत्याकडे जावे, यात उणेपणा काहीच नाही. आरंभीचा हेतू पैसे वाचवण्याचा असेल, हेही मान्य. तथापि काम दुसऱ्याकडे सोपवले म्हणजे त्याविषयीची जबाबदारीही सोपवली गेली, असे मात्र म्हणता येत नाही. कोणते तेल घातले, किती घातले, चुंबकावर काय दिसले, हे तीन प्रश्न कारागिराला विचारू शकणारा मालक एक प्रकारे आपल्या हातानेच काम करत असतो. पावती खिशात घालून निघणारा मालक तसे करत नाही, मग त्याने कितीही पैसे मोजलेले असोत.

या विषयाचे खरे मर्म मला माझ्या आतेभावाच्या एका उत्तरात सापडले. गाडी पुढच्या वर्षी विकायची असे त्याने ठरवलेले होते, आणि तरीही त्याने एक अख्खा शनिवार तिच्याखाली काढला. मी त्याला दूरध्वनीवर विचारले, "अरे, मग हा खटाटोप कशाला? गाडी घेणाऱ्याला काही ते दिसणार नाही, आणि तू सांगितलेस तरी तो जास्त पैसे देणार नाही." तो म्हणाला, "विकेन तेव्हा विकेन रे दादा. तोपर्यंत ती माझ्याकडे आहे ना?" "माझी आहे" असे तो म्हणाला नाही, "माझ्याकडे आहे" असे म्हणाला. या दोन वाक्यांत जे अंतर आहे तेच मला या लेखात सांगायचे आहे.

प्लेटोने 'रिपब्लिक' या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात गायजीसच्या अंगठीची कथा घातली आहे. ती अंगठी फिरवली की मनुष्य अदृश्य होतो. अशी अंगठी मिळाल्यावर न्यायी मनुष्य आणि अन्यायी मनुष्य यांच्या वर्तनात काही फरक उरेल काय, असा तेथे प्रश्न आहे. चर्चा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर चोरी, खून, राज्यापहार असे अपराध आहेत. देखभालीचे काम हे या प्रश्नाचे अधिक सौम्य, पण अधिक नित्याचे रूप आहे. अंगठी न घालताच येथे मनुष्य अदृश्य असतो. तेल बदलले नाही म्हणून त्या दिवशी काही बिघडत नाही, पुढच्या वर्षीही कदाचित बिघडत नाही. बिघडेल तेव्हा गाडी दुसऱ्याच्या हाती असेल आणि कोणी मागे वळून आपले नाव घेणार नाही. उलट, बदलले तर काय होते? काहीच होत नाही. गाडी चालत राहते. देखभालीचे फळ म्हणजे एक न घडलेली घटना, आणि न घडलेल्या घटनेबद्दल कोणी कोणाचे आभार मानत नाही. ज्या कामाला ना शिक्षा आहे ना शाबासकी, ते मनुष्य का करतो, यावरून त्याच्याविषयी बरेच काही कळते.

याच कसोटीचा दुसरा भाग तेल काढून झाल्यावर सुरू होतो. भांड्यात साठलेल्या त्या जुन्या तेलाचे काय करायचे? घरामागे खड्ड्यात ओतले तर कोणी पाहत नाही. पण एका वेळी गाडीतून काढलेले तेल दहा लक्ष गॅलन गोड्या पाण्याला दूषित करू शकते, असा इशारा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने दिला आहे. म्हणून ते डब्यात भरून, जेथे असे तेल पुन्हा वापरण्यासाठी स्वीकारतात तेथे नेऊन द्यायचे. तेथील सुट्या भागांची पुष्कळ दुकाने ते घेतात. गांधीजींनी आपल्या आश्रमाच्या व्रतांत शरीरश्रमाला स्थान दिले आणि शौचकूप साफ करण्याचे काम आश्रमवासीयांनी स्वतःच करावे असा आग्रह धरला, त्यामागील विचार याहून वेगळा नव्हता. आपल्या जगण्यातून निघालेली घाण कोठे जाते हे ज्याला ठाऊक नाही, त्याचे हात स्वच्छ दिसले तरी त्या स्वच्छतेचा भार दुसऱ्या कोणी तरी उचललेला असतो.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे, नाही तर हाताने काम करण्याचा फाजील गौरव होईल. या पेट्यांच्या तेलात एके काळी स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाचे तेल मिसळलेले असे. चकत्यांची पकड गुळगुळीत व्हावी यासाठी ते फार उपयुक्त होते. १९७० साली अमेरिकेने या देवमाशाची गणना नामशेष होऊ घातलेल्या प्राण्यांत केली, त्यानंतर हा वापर थांबला आणि रसायनशास्त्रज्ञांना दुसरी द्रव्ये शोधावी लागली. त्याआधीच्या काळात गाडीखाली निजून मनोभावे तेल बदलणाऱ्या कित्येक सज्जनांना आपल्या भांड्यात महासागरातील एका प्राण्याचा अंश आहे, याची कल्पनाही नसेल. तेव्हा हात काळे केले म्हणजे सारे कळते, असे नाही. हाताबरोबर जिज्ञासाही लागते. हे कोठून आले आणि कोठे जाणार, हे दोन प्रश्न परातीइतकेच उघडून पाहावे लागतात.

आता आपल्याकडे पाहू. आपण बदलीचे लोक. राहतो ते घर सरकारचे, बसतो ती खुर्ची आधीच्याची आणि नंतरच्याची. घरात नळ गळू लागला तर तक्रारवहीत नोंद करून आपण मोकळे होतो. तीन वर्षांनी जायचेच आहे, हा विचार मनात कोठे तरी असतोच. आपल्या मालकीचे असे काही हाती नसल्यामुळे आपल्यावर देखभालीचे कर्तव्यच उरत नाही, असे आपणांस हळूहळू वाटू लागते. हे वाटणे बरोबर आहे काय? देखभालीचे कर्तव्य मालकीतून उत्पन्न होत असते तर ते त्या अमेरिकेतल्या पिकअपलाही गाडी विकायचे ठरले त्या दिवशीच संपले असते. आणि गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) ज्या असंख्य गावांतून खराटा फिरवला त्यांतील एकही गाव त्यांच्या मालकीचे नव्हते. रात्रीचे कीर्तन संपले की ते पुढच्या गावाला निघून जात. मालकी नाही आणि मुक्कामही नाही, अशा ठिकाणीच त्यांचा खराटा चालला. बदलीच्या माणसाला यापरता जवळचा आदर्श कोणता असेल?

आपल्या हातातील फाइल ही अशीच एक बंद पेटी असते. तिच्यातील टिपणी स्पष्ट आहे की मोघम, मागचा संदर्भ जोडला आहे की सोडून दिला आहे, अर्जदाराच्या ज्या प्रश्नाला उत्तर द्यायचे त्याला दिले आहे की पुढच्या तारखेवर ढकलले आहे, हे चार्ज देण्याच्या दिवशी कोणी तपासत नाही. चार्जच्या यादीत टेबल, कपाट आणि किल्ल्या मोजल्या जातात. बिघाड झालाच तर तो दोन वर्षांनी, आपल्यानंतर आलेल्या माणसाच्या काळात उघडकीस येईल. आणि त्याची झळ लागेल ती निवृत्तिवेतनाची वाट पाहत बसलेल्या एखाद्या विधवेला, जिने आपल्याला कधी पाहिलेले नसेल. येथेही "माझी फाइल" म्हणण्यापेक्षा "माझ्याकडे असलेली फाइल" असे म्हणणे अधिक खरे आहे. तसे म्हटल्याने हक्क थोडा कमी होतो, पण जबाबदारी कमी होत नाही. तिची मुदत मात्र निश्चित होते. वस्तू आपल्याकडे असेल तोपर्यंत ती आपली, आणि पुढे देताना घेतली त्याहून वाईट स्थितीत देऊ नये, इतकीच ती जबाबदारी.

म्हणून आरंभीच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. यंत्राची शुश्रूषा शक्य तेथे माणसाने स्वतः करावी. शक्य नसेल तेथे निदान ती समजून घेऊन करवावी. स्वावलंबनाचा अभिमान मिरवण्यासाठी किंवा चार पैसे वाचवण्यासाठी ती करायला हरकत नाही, पण तेवढ्यासाठीच केली तर ज्या दिवशी गाडी विकायची ठरेल किंवा बदलीचा हुकूम हाती पडेल त्या दिवशी ती थांबेल. त्यानंतरही जी चालू राहते ती, आपण ज्याला ओळखत नाही अशा पुढच्या माणसासाठी असते. आयुष्यभर या शब्दात त्याचेही आयुष्य धरावे, असे मला वाटते.